थोरल्याचा वास

मी सेंटच्या दुकानात होते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग तुम्ही कुठला मारता हो?" कुठलाच नाही! अहो, सेंट विकणारीच्याच अंगाला वास असला तर गिऱ्हाइकाला बाटलीतला वास कळायचा कसा? पंचवीसेक वर्षं मी साबणसुद्धा बिनवासाचा वापरला. केसात गजरा नाही, कपाटात डांबरगोळी नाही. आमचे हे म्हणायचे, सांगलीत सगळ्यात जास्त वास विकणारी बाई घरी येते ती पाण्यासारखी.

मी मूळची साताऱ्याची. आमच्या घरामागं कंदी पेढ्यांची भट्टी होती. खवा भाजला जाताना एक क्षण असा येतो, की त्याच्या अलीकडं कच्चा आणि पलीकडं करपलेला. तो क्षण मला अंथरुणात डोळे मिटून कळायचा. मी पडल्यापडल्या म्हणायची, "आता उतरवतील." आणि खरंच कढई उतरल्याचा आवाज यायचा. आई म्हणायची, कार्टीचं नाक मांजराचं आहे.

लग्न होऊन सांगलीत आले ती हळदीच्या हंगामात. बाजाराच्या बाजूनं वारा आला की सगळ्या गावावर एक पिवळी, उबदार, मातकट झुळूक उतरायची. वाळत घातलेल्या कपड्यांत हळद, पाण्याच्या माठात हळद, नवऱ्याच्या शर्टात हळद. पहिले काही दिवस मला वाटायचं की हे अख्खं गावच लग्नाला उभं राहिलंय. दुपारी जिन्यात बसून मी नुसती श्वास घेत राहायची. सासूबाईंना वाटलं, सुनेला दमा आहे.

असं नाक घेऊन मी गणपती पेठेजवळच्या एका दुकानात कामाला लागले. शेठनी मला नेमकं पुरुषांच्या सेंटच्या काउंटरवर उभं केलं. कारण काय, तर बायकांच्या काउंटरवर आधीच दोघी होत्या. सुरुवातीला फजितीच. पुरुषमाणूस दारातनं आत यायचा, मला बघायचा आणि रुमाल घेऊन परत जायचा. "सेंट द्या" म्हणायला पैलवान गडी लाजताना मी पाहिलेत. पुढं सवय झाली. त्यांनाही, मलाही. मी 'सेंटवाल्या काकू' झाले.

आमच्याकडं एका परदेशी घराण्याचा माल होता. कंपनीला 'घराणं' म्हणायची रीत शेठनी पाडली, आणि गाणाऱ्यांची मिरज हाकेच्या अंतरावर असल्यामुळं लोकांना ते चटकन कळायचं. गाणारा कुणी का असेना, घराण्याचा सूर लपत नाही, तसंच. त्या घराण्याच्या पुरुषांच्या बाटल्या चार. सगळ्या काळ्या, चौकोनी, टोपणावर हरणाची शिंगं. नावं अशी की उच्चारताना जीभ दुमडावी लागायची. मी ती नावं सोडूनच दिली. ज्या क्रमानं त्या दुकानात आल्या त्या क्रमानं त्यांना थोरला, मधला, तिसरा आणि धाकटा म्हणायला लागले. चार भाऊ. गिऱ्हाईकंही तसंच मागायची.

थोरला म्हणजे नुकती दाढी करून, तुरटी फिरवून, धुतलेला सदरा घालून बाहेर पडलेला माणूस. जरा कडक, जरा जुना. त्याच्यामागं ओल्या दगडावरच्या शेवाळाचा गारवा. मधला म्हणजे इडलिंबाची साल नखानं सोलावी तसा. उडतो, हसवतो आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात तासाभरात पसार होतो. तिसरा गंभीर. मिरी, वेलदोडा, चंदनाची पेटी उघडावी तशी लाकडी ऊब. लग्नकार्याला तोच खपायचा. आणि धाकटा गोड. इतका गोड की गुऱ्हाळावर काकवीची कढई उतरवताना समोर उभं राहिल्यासारखं वाटावं. कॉलेजची पोरं त्याच्यावर जीव टाकायची आणि मोठी माणसं नाक मुरडायची.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी चार कागदी पट्ट्यांवर चौघांचे थेंब घ्यायची आणि त्या पंख्यापासून लांब, काचेवर आडव्या ठेवायची. उन्हाचा पट्टा काउंटरवरून सरकत जायचा. मी मध्येच एक पट्टी उचलायची, ठेवायची, स्वतःच्या पदराचा वास घेऊन नाक कोरं करायची आणि दुसरी उचलायची. सेंट काही एक वास नसतो. पहिल्यांदा उडतो तो वरचा वास, त्याच्या भरवशावर माणूस बाटली घेतो. मग तासा-दोन तासांनी मधल्या थराचा. आणि सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशीसुद्धा कापडाला धरून राहतो तो तळाचा. आमच्या या चार भावांची गंमत अशी, की दुपार कलली, उन्हाचा पट्टा दारात पोचला की चारी पट्ट्या हळूहळू एकाच वासावर यायच्या. मऊ, धुरकट, किंचित गोडसर. घराण्याचा सूर म्हणतात तो हाच. मला त्या वेळी अगदी झोप आल्यासारखं व्हायचं. डोळे मिटले की कुठली पट्टी कुणाची ते माझं मलाच सांगता यायचं नाही.

आष्ट्याचे चार मित्र एकदा एका मित्राच्या वरातीसाठी आले. चौघांनी चार घेतले, मुद्दाम, एकासारखा दुसरा नको म्हणून. दोन दिवसांनी चौघेही भांडायला हजर. "काकू, फसवलं तुमी! सकाळी चार वास हुते, वरात निघस्तवर एकच झाला. नवरी म्हनली, समद्यांनी एकाच बाटलीतनं मारलाय व्हय?" मी त्यांना सगळा हिशेब समजावून सांगितला. त्यांना पटला नाही. एकजण म्हणाला, "म्हंजे चौघांत एक घेतला असता तरी भागलं असतं की!"

आणि एक वकीलसाहेब होते. थोरला वापरायचे, वर्षानुवर्षं. एक दिवस तणतणत आले. म्हणाले, "कंपनीनं पाणी घालायला सुरुवात केली. वासच येत नाही." ते आत आले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, इतका वास. अर्धी बाटली ओतून घेतली असावी. त्यांचा अशील बाहेर फुटपाथवर उभा होता, आत यायला तयार नव्हता. मी म्हटलं, "साहेब, वास आहे. तुमच्या नाकानं तो मोजायचा सोडून दिलाय. जे रोज अंगावर असतं ते नाकाला अंगच वाटतं." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काही मी साक्ष फिरवली. पण दुसऱ्या खेपेपासून कमी मारायला लागले.

हे सगळं सांगितलं ते बिरूची गोष्ट कळावी म्हणून.

दोन-तीन वर्षं झाली असतील. उन्हाळ्याची दुपार. तिशीतला एक माणूस दारात चपला काढून आत आला. कुणी काढत नाही दुकानात चपला. तो आला आणि मला आधी त्याचा वास आला. मेंढरं, बाभळीचा धूर, मळलेली लोकर आणि त्या सगळ्यावर हॉस्पिटलचं फिनेल. आमच्या सुगंधी दुकानात तो वास असा उभा राहिला जसं कुणी माळरानाचं दार उघडलं.

"काकू, थोरल्याचा सेंट हाय का?"

"आहे की." मी थोरला काढला, पट्टीवर थेंब टाकून दिला.

त्यानं हुंगला. "ह्यो न्हाई."

"अहो, हाच थोरला."

"न्हाई ओ. माजा थोरला. माजा दादा. मायाप्पा."

घ्या! मी माझ्या बाटलीचं बोलत होते आणि तो त्याच्या भावाचं. मी स्टूल पुढं केलं. म्हटलं, "बस बाबा आधी. पाणी पी. मग सांग."

त्याचं नाव बिरू. आटपाडीकडच्या माळावरचा, घरची मेंढरं. बाप, म्हणजे आबा, काचबिंदूनं आंधळा झालेला. साखरेमुळं त्यांचा पाय काळा पडला होता आणि ते मिरजेला हॉस्पिटलात होते. डॉक्टर म्हणत होते, पंजा काढायला पाहिजे, तोही उद्या सकाळी, नाहीतर विष वर चढेल आणि माणूस हाती लागायचा नाही. आणि आबा काही केल्या तयार होत नव्हते.

"म्हनतो, थोरला येऊ दे. त्येच्या म्होरं काय ते कापा. त्येच्याबिगर हात लावला तर नळ्या उपटून टाकीन. आन उपटतो ओ, एक उपटली बी."

"मग बोलवा की थोरल्याला."

"त्यो फोनच घेत न्हाई."

मायाप्पा कोइमतूरला गलाईच्या कामात होता. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून, तेजाबात, म्हणजे ॲसिडात घालून शुद्ध करायचं काम. खानापूर-आटपाडीकडची माणसं या कामापायी देशभर पांगलेली आहेत. तेजाबाचा वास कपड्यांत, केसांत, नखांत शिरतो, किती धुतला तरी जात नाही. तो दडपायला मायाप्पा सेंट मारायचा. दोन वर्षांपूर्वी तो जत्रेला गावी आला. पाव्हण्यारावळ्यांत बसला होता. आबांचे डोळे तेव्हाच गेलेले. त्यांनी नाक वर केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आला बगा माजा ल्योक. बाईवानी वास मारत येतोय. मेंढरं बी बुजत्यात ह्येला." माणसं हसली. मायाप्पा उठला, पिशवी उचलली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. तेव्हापासून येणं नाही, बोलणं नाही.

"आन आता आबा खाटंवर पडून नुसता हुंगतोय, काकू. कोन बी खोलीत आलं की हुंगतो. नर्सला हुंगतो. डाक्टरला हुंगतो. मग त्वांड फिरवून पडतो."

बिरूचा बेत सरळ होता. दोघा भावांचा आवाज एक. फोनवर बायकासुद्धा फसायच्या. फरक फक्त वासाचा. दादाचा सेंट मारायचा, दादा होऊन आबांपुढं उभं राहायचं, 'कापू द्या' म्हणायचं. बस्स. आंधळ्या बापाला फसवायचं. पण फसवलं नाही तर बाप जातो. मी फार विचार केला नाही, खरंच नाही केला. म्हटलं, "बाटली कुठली ते आठवतंय?"

"काळी. टोपनाला हरनाची शिंगं. त्येच्या पिशवीत बगितल्याली."

म्हणजे घराणं आमचंच. पण भाऊ कुठला? मी चौघांच्या पट्ट्या केल्या. एकेक त्याच्या हातात दिली. तो डोळे मिटून हुंगायचा, इतक्या मनापासून की मलाच आशा वाटायची.

थोरला? "न्हाई." मधला? "ह्यो तर निंबू हाय." तिसरा? जरा थांबला. "न्हाई. लगीनघरासारका येतोय." धाकटा? "छ्या! ह्यो तर गूळ. दादा कशाला गूळ लावतोय?"

चारही नाहीत. मी पुन्हा दिल्या, मनगटावर दिल्या, रुमालावर दिल्या. तो रडकुंडीला आला. "काकू, तासाभरात जायला पायजे. डाक्टर सांजच्याला इचारनार."

मी माझा पदर हुंगला. गिऱ्हाईक चुकीचं सांगतं तेव्हा वासाबद्दल विचारायचं नाही, माणसाबद्दल विचारायचं, हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं. म्हटलं, "तुझा दादा घरी आल्यावर बाटली काढून मारतो का रे?"

"घरात? आबाच्या म्होरं? न्हाई ओ! तिकडनं निघतानाच मारून निघतो."

"आणि पोचतो कधी?"

"रेल्वेनं मिरज, मग येष्टी, मग चालत. दुसऱ्या न्हाईतर तिसऱ्या दिशी."

अगं बाई! मी कपाळाला हात लावला. या घरानं मायाप्पाचा वरचा वास कधी घेतलाच नव्हता. मधल्या थराचाही नाही. तो वरचा सगळा डौल तिकडंच, रेल्वेच्या डब्यात उडून जायचा. आबांच्या नाकाला, बिरूच्या नाकाला 'दादा' म्हणून जे ठाऊक होतं ते नुसतं तळाचं. दोन दिवसांचं शिळं. आणि तळाला तर चौघे भाऊ सारखेच! कुठलीही बाटली दिली असती तरी चाललं असतं, पण पट्टीवरचा थेंब दुपारभरात तळाला जातो, अंगावरच्या कापडात मुरायला दोन दिवस द्यायला हवे होते. ते आमच्याकडं नव्हते.

काउंटरखाली माझं एक पिवळं फलाणीचं फडकं होतं. बाटल्यांच्या तोंडाशी ओघळलेले थेंब मी त्याच फडक्यानं पुसायची. कधी धुतलं नव्हतं. शेठ दर दिवाळीला म्हणायचे, टाका ते. मी टाकायची नाही. कंटाळा आला की ते नाकाशी धरायची आणि मला सगळी गेलेली वर्षं एकदम यायची. कुणाचं लग्न, कुणाची पहिली नोकरी, कुणाचं नुसतंच धाडस. खरं सांगायचं तर माझ्या नोकरीतलं माझं स्वतःचं असं तेवढंच होतं.

मी ते काढून बिरूच्या हातात दिलं.

त्यानं नाकाशी नेलं. फडकं तोंडावर धरून तसाच बसून राहिला. खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं.

"दादा हाय," तो म्हणाला. "काकू, ह्यो दादाच हाय."

"तेजाबाचा वास नाही यात, बघ हं."

"त्ये हास्पिटलातलं फिनेल भागवंल." नाक पुसत तो हसला. मी फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. म्हटलं, "गळ्याभोवती गुंडाळ, पण दारातच. एसटीत उघडू नकोस. आणि बोलणं कमी ठेव." तो चपला हातात घेऊन पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढं उभी राहिले तर काय मागावं तेच कळेना. आबा जगावेत, हे खरं. पण ऑपरेशनच्या टेबलावर काही झालं, तर तो म्हातारा थोरला आला या खोट्या समाधानात जाणार, आणि ते खोटं माझ्या फडक्याचं. दिवसभर मी तिसरा मागितला की मधला देत होते. शेठ म्हणाले, "वैनी, घरी जावा आज."

आठवडाभरानं बिरू आला. मी त्याच्या तोंडाकडंच बघत होते. तो हसला आणि माझा जीव भांड्यात पडला. आबा सुखरूप होते, पंजा गेला होता पण ताप उतरला होता. बिरूनं काउंटरवर एक गाठोडं ठेवलं. माझंच पिवळं फडकं, त्यात घरची डाळिंबं बांधलेली.

फडकं स्वच्छ धुतलेलं होतं. कडक. पिवळं म्हणजे अगदी नव्यासारखं पिवळं.

"बायकूनं दोनदा धुतलं, काकू. दुसऱ्याचं कापड तसंच कसं द्यायचं? आन रिकामं तरी कसं द्यायचं?"

मी ते नाकाशी नेलं. वडीच्या साबणाचा वास. माझी पंचवीस वर्षं कुठल्यातरी माळावरच्या दगडावर आपटून धुतली गेली होती. त्या माउलीनं रीतच पाळली होती. मी म्हटलं, "छान धुतलंय हं," आणि फडकं घडी करून काउंटरखाली ठेवलं.

मग त्यानं सांगितलं. तो फडकं गळ्यात गुंडाळून खोलीत गेला. आबांनी नाक वर केलं आणि त्यांचा हात हवेत चाचपडायला लागला. "आलास व्हय रं मायाप्पा?" बिरू म्हणाला, "व्हय." आबा कितीतरी वेळ त्याचा हात धरून हुंगत राहिले. जत्रेतलं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू म्हनशील तसं. कापू दे." आणि मग, नर्स बाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून म्हणाले,

"धाकल्याला संबाळ बग, मायाप्पा. लय केलं त्येनं माजं. तुजा वास लांबनं येतो, तू आलास की कळतं. त्येचा वासच येत न्हाई मला. खोलीत हाय का न्हाई, कळत न्हाई. हाक मारली की असतोच. माज्याच अंगाचा वास हाय रं त्येला, मग मला कसा यायचा?"

बिरू माझ्या समोर काचेवर बोटानं रेघा ओढत होता. "मी काय बोलू, काकू? दादाच्या आवाजात नुसतं 'व्हय' म्हनलो."

मला वकीलसाहेब आठवले. जे मी त्यांना टेचात ऐकवलं होतं, ते त्या आंधळ्या माणसानं खाटेवर पडून सांगितलं होतं, आणि ज्याच्याबद्दल सांगितलं तो दुसऱ्याच्या वासात उभा होता. मी एक डाळिंब फोडलं. दोघांनी मिळून खाल्लं.

त्यानंतर दोनच दिवसांनी एक माणूस आला. भारी घड्याळ, बोटांची टोकं पिवळट-काळी, अंगाला सेंट नाही, नुसता कसलातरी पुसट आंबूस वास. पट्टी मागितली नाही, नमुना मागितला नाही. सरळ धाकट्याकडं बोट केलं. "ह्यो द्या, काकू."

आवाज बिरूचा! मी बाटली हातात तशीच धरून म्हटलं, "मायाप्पा का?"

तो दचकला. मग त्याचा चेहरा कडक झाला. "म्हंजे फडकं तुमीच दिलं व्हय?"

मला वाटलं, आता हा दुकान डोक्यावर घेणार. पण त्यानं स्टूल ओढलं आणि बसला. गावचा एकजण कोइमतूरला भेटला, त्यानं आबांचं सांगितलं. तसा हा बेंगळूरवरनं विमानानं कोल्हापूरला उतरला आणि गाडी करून थेट मिरजेला आला. आणि आबांनी त्याला ओळखलंच नाही.

"म्हनला, त्येच्यासारका आवाज काढू नगं. थोरला मागल्याच आठवड्यात येऊन गेला माजा. तू कोन?" मायाप्पानं खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. "मंग धाकल्यानं भाईर नेऊन समदं सांगितलं."

"तुम्ही सेंट नाही मारलात?"

"जत्रेपासनं सोडला. आबाला खपत न्हाई म्हनून." तो बोटांकडं बघत म्हणाला, "तेजाबात दिसभर हात. नाकाला काय बी लागत न्हाई. ह्यो एकटा तेवडा लागतो. काकवीवानी. मामाच्या गुऱ्हाळावर जायचो आमी दोगं, आबाच्या खांद्यावर बसून."

सगळे म्हणत होते थोरला थोरला, आणि थोरल्याचा सेंट धाकटा निघाला.

"तेच फडकं द्या, काकू. उद्या सकाळचं इमान हाय माजं. आज आबाला भेटतो आन जातो."

मी काउंटरखालचं फडकं काढून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं हुंगलं. बघितलं माझ्याकडं.

"तुमच्या भावजयीनं धुतलं," मी म्हटलं. "आता ते नुसतं फडकं आहे. आणि ही बाटली नेलीत आणि आत्ता मारून गेलात, तर आबांना गुळाचा वास येईल, तुमचा नाही. त्यांना तुम्ही ठाऊक आहात ते दोन दिवसांनंतरचे. तो वास विकत मिळत नाही हो मायाप्पा. मारायचा आणि थांबायचं."

"दोन दिस?"

"दोन. सदरा बदलायचा नाही."

"डाक्टर हाकलंल की मला!"

"मग दारात बसा."

बाहेर रस्त्यावर हळदीच्या पोत्यांचा टेम्पो अडकला होता, वारा आत आला आणि धाकट्याचा गोडवा त्याच्यात मिसळून सगळं दुकान पिवळं पिवळं वाटायला लागलं. त्यानं टोपण काढलं, सदऱ्याच्या आतल्या बाजूनं, मानेशी, छातीशी धाकटा मारला. बाटली खिशात घातली. नमस्कार केला आणि काही न सांगता गेला. विमानाला गेला की मिरजेला, मला काय कळणार?

दोन दिवस माझं लक्ष सारखं दाराकडं. कुणी येत नाही, काही कळत नाही. फोन नंबरही घेतलेला नव्हता. मी माझ्यावरच चिडत होते. आपण कोण, लोकांच्या घरात इतकं गुंतायचं काय कारण?

पावसाळा सरत आला तेव्हा बिरू आला. आबांना तपासायला मिरजेला आणलं होतं, नकली पाय बसवायचं चाललं होतं. तो स्टुलावर बसला, आता सवयीनं.

"दादा राह्यला, काकू. त्याच सदऱ्यात. दाराच्या भाईर बाकड्यावर बसून राह्यला, आत गेला न्हाई. तिसऱ्या दिशी सकाळी मी आबाचं त्वांड धूत हुतो. आबानं माजा हात बाजूला सारला. नाक वर क्येलं. म्हनला, मायाप्पा, आत ये की, भाईर कशाला बसलायस?"

"मग?"

"मंग दादा आत गेला. आबा म्हनला, 'आवंदा दोनदा आलास रं.' आन दोगं बी रडाय लागली. मी भाईर आलो."

"आबांना कळलं का रे, पहिल्यांदा कोण होतं ते?"

बिरूनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मला समजलं नाही. मी काही पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी माझं मन भरून आलं होतं. मी तिसरा काढला, चंदनाचा, सगळ्यात चांगला. म्हटलं, "बिरू, हा माझ्याकडून. तुझ्यासाठी. दादासाठी नाही, तुझ्यासाठी."

त्यानं बाटली हातात घेतली, शिंगांवरून अंगठा फिरवला आणि परत काचेवर ठेवली.

"नगं, काकू. मला वास यायला लागला तर आबा म्हनंल, ह्यो पावना कोन आला?"

तो उठला. दारात वाकून चपला घातल्या, 'येतो' म्हणाला आणि गर्दीत मिसळला. मी सवयीनं नाक वर केलं. पहिल्या दिवशी हाच माणूस आत आला तेव्हा मेंढरं, धूर, लोकर, सगळा माळ दुकानात उभा राहिला होता. मी स्टुलाजवळ गेले, पदर हुंगून नाक कोरं केलं, पुन्हा श्वास घेतला. चौघा भावांचे वास होते, बाहेरची हळद होती. बिरूचा वास मला आला नाही.